आठशे एक्केचाळिसावं डोकं

आयसेलिन, न्यू जर्सी
बुधवार, २ ऑक्टोबर २०२४

प्रिय शीले,

पार्सल उघडलंस की आधी वरची साडी बाजूला काढ. खाली भाजणी आहे, पिशवी फुटली असली तर माझ्या नावाने बोंबलशील. साडी तुझ्या १४ ऑक्टोबरसाठी. पांढरी, निळ्या काठाची. ओक ट्री रोडवरची सहा दुकानं पालथी घातली. दुकानदार दसरा आहे म्हणून मला सारखा लाल दाखवत होता. शेवटी म्हटलं, अहो दादा, माझ्या मैत्रिणीचा सण पांढऱ्यातला असतो, तुम्ही पांढरं काढा. मी परत येईपर्यंत १४ तारीख उलटून जायची, म्हणून पोस्टाने पाठवतेय.

आम्ही सिद्धेशच्या मावसभावाकडे उतरलोय. सिद्धेशचं इथे थोडं काम निघालं. बाकी सगळं ठीक. आत्ता दुपारचे बारा वाजलेत, बापलेक समोरच्या दुकानात चपला घ्यायला गेलेत, म्हणून मला दोन ओळी लिहायला शांतता मिळाली.

कुशचं नाव शाळेत तुझ्या पत्त्यावर घालू दिलंस, ते मी जन्मात विसरणार नाही. ब्रॅडवेलची शाळा गावाबाहेरच्यांना घेत नाही आणि आम्ही पडलो अकरा मैल लांब. पण दोन महिन्यांत घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे खरेदीच्या सह्या झाल्या, की आम्ही तुझ्या गावातच येतोय, मग खरा पत्ता देऊन टाकू. तोवर तुझ्या मेलबॉक्सवर माझ्या मुलाचं नाव! हॉस्टेलमध्ये माझ्या घरचे लाडू तुझ्या नावावर यायचे, त्याची आठवण होते.

उपासनाला पापा. अनुपरावांना सांग, भाजणी त्यांच्यासाठी नाही.

तुझी,
गिरजा


ब्रॅडवेल
१२ ऑक्टोबर २०२४

गिरजे,

सप्रेम जयभीम. पार्सल काल पोचलं. भाजणी शाबूत आहे. साडी उलगडून बघितली आणि डोळ्यांत पाणी आलं, हे तुला सांगणार नव्हते. परवा चार घरं आमच्याकडे जमतील, वंदना घेऊ, खीर करू, तेव्हा नेसेन. तुझी चिठ्ठी गाडीत, सिग्नलला थांबून वाचली. उपासनाला प्रॅक्टिसला सोडायचं होतं आणि मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. तू हाताने लिहिलंस म्हणून मीही हाताने लिहितेय, हॉस्टेलनंतर पहिल्यांदाच. तिथल्याच पत्त्यावर टाकते.

उपासनाची व्हॉलीबॉलची टीम या वर्षी जोरात आहे. ती सेटर, म्हणजे बॉल उचलून द्यायचं काम हिचं आणि टाळ्या दुसरीला. पण कोच म्हणते की ही नसेल तर टीम नाही. मी दर मॅचला पोहे नेते. गोऱ्या आया आधी वाकून वास घ्यायच्या, आता डबा कुठे आहे विचारतात.

गेल्याच्या गेल्या बुधवारी पोरगी तापाने फणफणली. १०२! आणि नेमकी त्याच दिवशी शाळेत मोजणी. वर्षातून एकदा असते. त्या दिवशी सकाळी वर्गात जेवढी डोकी दिसतील तेवढी शाळेची संख्या, मग वर्षभर सगळं, सरकारकडून येणारा पैसासुद्धा, त्यावर चालतं. प्रिन्सिपलचा मेल आला होता, कृपा करून आज मुलांना घरी ठेवू नका. अनुप म्हणाला, राहू दे ना यार, पोर भाजतेय. मी म्हटलं, पाय मोडला होता तेव्हा आमच्या बाबांनी मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. ईश्वर गुरुजींच्या घरात गैरहजेरी चालत नाही. क्रोसिन दिली, डबा दिला, पाठवली. साडेदहाला नर्सचा फोन आला, घेऊन जा. पण तोवर मोजली गेली होती. अनुप अजून फुगलाय.

लवकर ये. घराचं कळव.

शीला


ब्रॅडवेल
८ एप्रिल २०२५

गिरजे,

अकरा मैलांवर राहतेस आणि तरी पत्र लिहितेय. फोन केला तर मी ओरडेन आणि तुझा कान जाईल. हॉस्टेलमध्ये डोकं फिरलं की आपण एकमेकींच्या उशीखाली चिठ्ठ्या सारायचो, तसं समज. आज मात्र राग तुझ्यावर नाही.

पुढच्या वर्षीचे गट लागले. तुझं या खेळाकडे लक्ष नसतं म्हणून नीट सांगते. इथे शाळांचे गट पोरं किती आहेत यावर पाडतात, कशी खेळतात याच्याशी काही देणंघेणं नाही. आठशे चाळीसपर्यंत दुसरा गट. त्याच्यावर एक जरी डोकं गेलं तरी पहिला गट, आणि तिथे दोन-दोन, अडीच-अडीच हजार पोरांच्या शाळा. संख्या धरतात ती ऑक्टोबरच्या मोजणीची. आमची किती झाली माहितीये? आठशे एक्केचाळीस.

एकाने, गिरजे! एका डोक्याने!

नोव्हेंबरात या पोरी दुसऱ्या गटाची फायनल हरल्या. पाचव्या सेटमध्ये, दोन पॉइंटनी. त्या दिवसापासून उपासना गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारतेय. बर्फातसुद्धा. सहाजणी सहावीपासून एकत्र खेळतात आणि सहाही जणी पुढच्या वर्षी बारावीत. हे एकच वर्ष उरलंय त्यांना. आणि आता पहिल्याच फेरीत समोर कोण, तर जिथे तेराशे मुलींतून चौदा निवडतात ती शाळा. आमच्याकडे ट्रायआउटला एकोणीस आल्या होत्या.

काल शाळेच्या जिममध्ये पालकांची मीटिंग झाली. उपासनाच्याच टीममधल्या एका मुलीचा बाप उठला. माझे पोहे दोनदा घेऊन खाणारा माणूस. म्हणाला, ही सहाशे मुलांची शाळा होती, बॅटरीचा कारखाना आला, अपार्टमेंटं आली, आणि आता हे लोक बाकं भरतात पण टीम भरत नाहीत. हे लोक! मग माझ्याकडे बघून हसतो आणि म्हणतो, ऑफ कोर्स, नॉट यू, शीला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठले. म्हटलं, अपार्टमेंटवाल्याला मक्याचं शेत कोणी विकलं? तुझ्या भावाने विकलं. ही नवी जिम, जिच्यात उभा राहून तू बोलतोयस, ती कोणामुळे झाली? याच डोक्यांमुळे. आठशे एक्केचाळीस पोरं आहेत, त्यातलं जास्तीचं एक कोणतं, ते बोट दाखवून सांग. मी इथेच उभी आहे. तो खाली बसला. कोच खाली बघत होती.

घरी आले तरी धुमसत होते. कारण काय, तर त्याचं अर्धं खरं होतं. आपली देशी पोरं शाळेत नव्वद आहेत. खेळतात चार. बाकीच्यांना शनिवारी मॅथ, रविवारी कोडिंग, आणि खेळायला म्हटलं की आयांना लगेच गुडघे आठवतात. मोजायच्या दिवशी सगळे हजर, ट्रायआउटला कोणी नाही. आपल्याही लोकांचा राग आला मला.

तुझ्या क्लोजिंगचं काय झालं? सहा महिने झाले.

शीला


१४ एप्रिल २०२५

प्रिय शीला,

आज तुमची जयंती, मनापासून शुभेच्छा. पत्र वाचून मीटिंग डोळ्यांसमोर उभी राहिली. तू उठलीस म्हणजे त्या माणसाची काही धडगत नव्हती.

पण एक सांगू? रागावणार नसशील तर. खेळच आहे ग. अकरावीचं वर्ष संपत आलं, उपासनाची एसएटी तोंडावर आहे आणि तू बॉल कुठल्या गटात पडला यावर रक्त आटवतेयस. पहिल्या गटात हरली तरी हरलीच, दुसऱ्या गटात हरली तरी हरलीच. उलट लवकर बाहेर पडली तर कॉलेजच्या अर्जांना वेळ मिळेल. मी कुशला म्हणूनच या भानगडीत पडू दिलं नाही. त्याला बास्केटबॉलला जायचं होतं, म्हटलं शनिवारचा मॅथ क्लास कोण करणार? दोन दिवस रुसला, मग विसरला.

क्लोजिंग जरा लांबलंय. बँकेचे लोक कागद मागतच सुटलेत. होईल. तोवर तुझा पत्ता आहेच.

तुझी,
गिरजा


ब्रॅडवेल
२१ एप्रिल २०२५

गिरिजा,

मायना मुद्दाम गाळलाय.

"खेळच आहे ग." हे तुझं वाक्य मी चार दिवस चघळतेय आणि ते गिळलं जात नाही. माझी मुलगी पहाटे पाचला उठते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची सालं निघालेली असतात. या गावात तिच्या नावाने सहाशे माणसं एकदम ओरडतात. माझ्या नावाने आयुष्यात कधी सहा माणसं ओरडली नव्हती. आणि तू मला सांगतेस, लवकर हरली तर बरं!

आणि वर ही शेवटची ओळ: तोवर तुझा पत्ता आहेच.

ती वाचली आणि मी थिजले. परवाच शाळेचा फॉर्म आला होता, दर वर्षी येतो. या पत्त्यावर राहणारे विद्यार्थी: उपासना, कुश. माहिती खरी आहे, सही करा, १५ मेपर्यंत पाठवा. फॉर्म एका हातात आणि तुझं पत्र दुसऱ्या. मी किती बावळट! भर जिममध्ये त्या माणसाला विचारत होते की जास्तीचं डोकं दाखव, आणि ते डोकं माझ्याच मेलबॉक्सवर लिहिलेलं!

आठशे चाळीस आमची. एक तुझा.

मी कोचला आडून विचारलं. ती म्हणाली, मोजणीत एक जरी नाव चुकीचं निघालं तरी अपील करता येतं, आणि आपण परत दुसऱ्या गटात. एक नाव, गिरिजा. ते कोणाचं, ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे.

ऑगस्टमध्ये नाव घालताना दोन महिने म्हणाली होतीस, ऑक्टोबरातही दोनच महिने. आज नववा महिना. दर वेळी बँक, कागद, होईल, बघू. तू मला गृहीत धरलंस. माझ्या मुलीचं वर्ष बुडवून तुझ्या मुलाला चांगली शाळा हवी, आणि तोच मुलगा शाळेसाठी एक बॉलही उचलणार नाही, कारण मॅथ! त्या माणसाचं बोलणं मला झोंबलं होतं. ते माझ्याच मैत्रिणीबद्दल खरं निघालं, ही माझी लाज.

१५ मेच्या आत तू स्वतः शाळेत जाऊन त्याचं नाव काढ. नाहीतर मी फॉर्मवर लिहीन की हा मुलगा इथे राहत नाही, कधीच राहत नव्हता.

साडी परत पाठवतेय. धुऊन, इस्त्री करून.

शीला


२ मे २०२५

शीला,

साडी मिळाली. इस्त्री छान आहे.

तुला सगळं खरं हवंय ना? घे. गेल्या सप्टेंबरमध्ये सिद्धेशची नोकरी गेली. आयसेलिनला "थोडं काम निघालं" म्हणजे लोकांच्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायचं काम. तीन आठवडे मावसभावाच्या सोफ्यावर झोपलो. बँकेने डिसेंबरमध्येच नाही सांगितलं. घर दुसऱ्या कोणीतरी घेतलं, त्यांच्या दारात आता ट्रॅम्पोलीन आहे, मी बघून आले. आम्ही एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात राहतो. कुश बाहेरच्या खोलीत गादीवर झोपतो. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच पिशव्या भरून आली असतीस, आणि मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं. घर येणार येणार म्हणून खोटं बोलले, चुकलंच माझं. पत्ता खोटा होता, तेही चुकलं. तेवढं मी मान्य करते.

आता तू एक गोष्ट आठव. सेकंड इयरला तू वर्गात पहिली आलीस. त्या रात्री मेसमध्ये ती समोरच्या खोलीतली म्हणाली, हिच्यामुळे आमच्यातल्या एकीची सीट गेली. तू ताट तसंच टाकून उठलीस. मी नाही उठले. मी तिला विचारलं, कोण ती एक? नाव सांग. तिला सांगता येईना. मग मी तुझं ताट घेऊन खोलीत आले आणि आपण दोघींनी गार भात खाल्ला.

तिला नाव सांगता आलं नव्हतं, शीला. तू मात्र सांगितलंस.

आज सकाळी त्याचं नाव काढलं. ऑफिसमधल्या बाईने विचारलं, आता कुठे जाणार? म्हटलं, जिथे राहतो तिथे. गाडीत कुशला कारण सांगितलं, लपवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बट आय डोन्ट ईव्हन प्ले."

तुझ्या फॉर्मवर आता एकच नाव आहे. सही कर खुशाल.

गिरिजा


ब्रॅडवेल
९ मे २०२५

गिरिजा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सिद्धेशच्या नोकरीचं वाचून वाईट वाटलं, आणि मला सांगितलं नाहीस म्हणून तेवढाच रागही आला. मी पिशव्या भरून आले असते तर कोणतं आभाळ कोसळलं असतं?

पण मेसचं तू काढायला नको होतंस. ती जखम तुझ्या हातात मीच दिली होती, ती अशी वापरायला नाही दिली. आणि तुलना तरी कसली! मी कोणाचा पत्ता लावून आत शिरले नव्हते. माझी जागा माझी होती. कुशचा पत्ता खोटा होता, हे खरं की नाही? मग मी काय चुकीचं बोलले, सांग!

मी कोचला सगळं लिहून दिलं. पत्ता माझा होता, होकार माझा होता, माझी सही होती, तेही लिहिलं. पालक समितीतून मला काढून टाकलंय. पोहे बंद. अपील २० तारखेला.

उपासनाला कळलंय. ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला ताट घेऊन गॅरेजमध्ये जाते.

शीला


ब्रॅडवेल
२२ मे २०२५

गिरजे,

कशी सुरुवात करू ते सुचत नाही, म्हणून सरळ सांगते.

अपील सहा मिनिटांत संपलं. शाळांच्या खेळांचे गट पाडणाऱ्या संघटनेच्या बाईने मोजणीच्या दिवसाचा कागद पुढे ओढला, नावांवरून पेन फिरवत गेली आणि म्हणाली, हा मुलगा आमच्या आकड्यात नाहीच. २ ऑक्टोबरला गैरहजर. त्याच्या आधी दोन दिवस गैरहजर, नंतर दोन आठवडे गैरहजर. तुमचे आठशे एक्केचाळीस याला सोडून आहेत, मॅडम. अपील फेटाळलं. कोचने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला बाहेर पडायचा दरवाजा दिसेना.

घरी आले. तुझ्या भाजणीचा डबा रिकामा पडला होता, त्यात तुझी पहिली चिठ्ठी ठेवली होती मी. काढली. वर तारीख: बुधवार, २ ऑक्टोबर. दुपारचे बारा वाजलेत आणि बापलेक चपला घ्यायला गेलेत. शाळेच्या दिवशी, भर दुपारी, लेक न्यू जर्सीत! हे माझ्या घरात सात महिने पडून होतं आणि मी ते सिग्नलला थांबून वाचलं होतं.

पण तुला तर माहीत होतं! मी ते भयंकर पत्र लिहिलं त्या दिवशीही माहीत होतं. एक ओळ लिहायची होती, गिरजे. कुश त्या दिवशी शाळेत नव्हता. एवढीच ओळ! मी गप्प बसले असते, पोरगा शाळेत राहिला असता. चार पानं लिहिलीस, मेस काढलीस, गार भात काढलास, आणि ही एक ओळ गिळून बसलीस! कशासाठी? मला तोंडघशी पाडायला? पडले. झालं समाधान?

अपिलाला उपासनाही आली होती. तिथून परत येताना ती कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बोलली. समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "आय वॉज देअर, मॉम. मला फिव्हर होता. यू सेंट मी."

मी गाडी बाजूला घेतली.

आठशे चाळीस असते, तर आम्ही दुसऱ्या गटात असतो. त्या एकाला मी कपाळाला हात लावून, भाजतंय हे बघून, क्रोसिन देऊन, डबा देऊन पाठवलं. अनुप नको म्हणत होता. तुला वर फुशारकीने लिहिलंही होतं, मोजली गेली म्हणून. मी साऱ्या गावाला विचारत फिरले, जास्तीचं डोकं कोणाचं. मग तुझ्या मुलाला हाताला धरून बाहेर काढलं. असा राग आलाय मला माझा की आरशात बघवत नाही.

काल शाळेत गेले. विचारलं, त्या मुलाला परत घेता येईल का? बाई म्हणाली, येईल की, पत्ता काय? मी निघून आले.

गटाचं जाऊ दे. खेळतील पोरी, हरतील नाहीतर जिंकतील. कुशचं काय करू ते सांग.

शीला


१ जून २०२५

शीला,

का नाही लिहिली ती ओळ? तुझं पत्र उघडलं त्याच क्षणी मला तारीख आठवली होती. पेनही उचललं होतं. मग तुझं ते वाक्य परत वाचलं, ते कोणाचं ते मला माहीत आहे. तुला माहीत होतं! तू विचारलं नाहीस. पंचवीस वर्षांत एकदाही मी तुला खोटं पाडलं नव्हतं आणि तू मला एक फोन करून विचारलं नाहीस की गिरजे, कुश त्या दिवशी होता का ग?

आणि समज, लिहिली असती. तू म्हणाली असतीस, बरं, मग राहू दे त्याला. राहू दे! पुढच्या ऑक्टोबरला परत आकडा वर गेला असता आणि तू परत माझ्या मुलाकडे बघितलं असतंस. तारखेवर सुटका होऊन त्याने तुझ्या शाळेत बसायचं, ते मला नको होतं. म्हणून काढला. त्याला कोणी आत घ्यायचं आणि कोणी बाहेर काढायचं, हे ठरवायला मी तुझा पत्ता परत वापरणार नाही.

तू जळतेयस ते वाचलं. जळ थोडी. मीही जळतेय. एका मुलाला मॅथसाठी खेळू दिलं नाही आणि त्याच मुलाला खेळासाठी शाळा सोडावी लागली. यात माझा हात नाही असं मी म्हणत नाही.

कुशचं काही करू नकोस. इथली शाळा तेवीसशे पोरांची आहे, त्याला अजून वर्ग सापडत नाहीत. सिद्धेशला काम मिळालंय, सहा महिन्यांचं. शनिवारचा मॅथ क्लास मी बंद केला. सप्टेंबरात तुमच्या पोरींची पहिली मॅच आमच्याच शाळेशी आहे, त्यानेच मला वेळापत्रक दाखवलं. तो बघायला जाणार आहे आणि उपासनाताईसाठी ओरडणार आहे, आपल्या शाळेच्या विरुद्ध. मी म्हटलं, मार खाशील. तो हसला. मी त्याला अडवणार नाही, पण मी स्वतः येणार नाही. तुझ्या शेजारी बसायची माझी अजून तयारी नाही.

साडी माझ्याकडे आहे. ती पोस्टाने येणार नाही. हवी असेल तर १४ ऑक्टोबरच्या आधी येऊन माझ्या दारात उभी राहा आणि माग.

आणि हो, इथेही मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारीच आहे. आमच्या स्वतःच्या पत्त्यावरून जाणार आहे तो. त्या दिवशी त्याला १०२ ताप असला तरी मी क्रोसिन देऊन, डबा देऊन पाठवणार आहे.

गिरिजा